ओझार्क माउंटन डेअरडेव्हिल्स : लॉस एंजेलिसला न गेलेला बँड

रानवारा

ईगल्स या अमेरिकन रॉक बँडवर इथे बरेच धागे येऊन गेलेत आणि ते मी आवडीने वाचलेत. पण ईगल्सचे सुरुवातीचे अल्बम ज्याने घडवले, त्या निर्माता ग्लिन जॉन्सनेच १९७३ साली आणखी एक कंट्री रॉक (अमेरिकेतलं ग्रामीण 'कंट्री' संगीत आणि रॉक यांचा मेळ) बँड हाताशी धरला होता. त्याचं नाव आपल्याकडे कुणी घेतलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा. बँड ओझार्क माउंटन डेअरडेव्हिल्स, गाव स्प्रिंगफील्ड, राज्य मिसूरी.

मी शेजारच्या आर्कान्सासमध्ये, बेंटनव्हिलला राहतो. वॉलमार्टचं मुख्यालय इथलं, त्यामुळे आयटीतली मराठी कुटुंबं पुष्कळ. ऑक्टोबरात पानं रंगली की आम्ही सगळे गाड्या काढून डोंगरात जातो, पण या डोंगरांना स्वतःचं गाणं आहे हा विषय आमच्या पॉटलकमध्ये (प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा अशा जेवणात) कधी निघत नाही. ओझार्क म्हणजे दक्षिण मिसूरी, उत्तर आर्कान्सास आणि ओक्लाहोमाचा ईशान्य कोपरा. नावात माउंटन असलं तरी हे नद्यांनी कापून काढलेलं चुनखडीचं पठार आहे. जिकडे तिकडे गुहा आणि झरे. आत दऱ्याखोऱ्यांत वस्ती केलेल्या घराण्यांनी स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेली जुनी कथागीतं पिढ्यानपिढ्या तोंडी जपली. स्प्रिंगफील्डचा मॅक्स हंटर नावाचा एक फिरता विक्रेता १९५६ पासून वीस वर्षं टेपरेकॉर्डर घेऊन ही गाणी गोळा करत हिंडला. त्याने जमवलेली सुमारे १६०० गाणी मिसूरी स्टेट विद्यापीठाने सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. ज्यांना लोकसंगीताची आवड आहे त्यांनी ती जरूर ऐकावीत, एखादी रजा त्यात सहज जाते.

स्प्रिंगफील्डला दुसराही वारसा आहे. १९५५ ते १९६० या काळात 'ओझार्क ज्युबिली' हा कंट्री संगीताचा कार्यक्रम याच गावातून एबीसी वाहिनीवर देशभर दिसायचा. रेड फोली त्याचा सूत्रधार. म्हणजे ज्या पोरांनी पुढे हा बँड काढला, त्यांच्या लहानपणी गावात पोटापाण्यासाठी वाजवणारे कसलेले वादक राहत होते, स्टुडिओ होता, गाणी लिहिणारे होते. वरून एल्व्हिस आणि बीटल्स रेडिओवर. डोंगरातलं जुनं गाणं, व्यावसायिक कंट्री आणि रॉक हे तिन्ही एकाच गावात कानावर पडत होतं.

१९७२ च्या सुमाराला सहा जण एकत्र आले. जॉन डिलन गिटार, मॅन्डोलिन, फिडल, जे हाती येईल ते वाजवायचा. स्टीव्ह कॅश माउथ ऑर्गन वाजवायचा आणि गाणी लिहायचा. रँडल चाउनिंग मुख्य गिटारवादक. मायकेल ग्रांडा, ज्याला सगळे 'सूप' म्हणतात, बेस गिटारवर. बडी ब्रेफील्ड पियानो आणि कीबोर्डवर. आणि लॅरी ली ड्रम्सवर. यातली मोठी गोष्ट अशी की जवळजवळ सगळेच लिहायचे आणि सगळेच गायचे. एक नायक आणि बाकी साथीदार अशी रचनाच नव्हती. ज्याचं गाणं, बहुधा त्याचा आवाज. त्यामुळे पहिला अल्बम ऐकताना दर गाण्याला माणूस बदलतो, पण घर तेच राहतं.

नाव डिलनने सुचवलं होतं, 'कॉस्मिक कॉर्न कॉब अँड हिज अमेझिंग ओझार्क माउंटन डेअरडेव्हिल्स'. त्याची काटछाट होऊन आत्ताचं नाव राहिलं.

त्यांच्या टेप्स फिरत फिरत ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीच्या डेव्हिड अँडरलपर्यंत पोहोचल्या. १९७३ मध्ये तो ग्लिन जॉन्सला घेऊन कॅन्सस सिटीला आला. काउटाउन बॉलरूममध्ये कार्यक्रम होता. एवढा मोठा माणूस समोर बसलाय म्हटल्यावर पोरांच्या हाताला घाम फुटला आणि कार्यक्रम काही रंगला नाही. मग रात्री त्यांच्या व्यवस्थापकाच्या घरी, मेणबत्त्यांच्या उजेडात, विजेची वाद्यं बाजूला ठेवून ते नुसते बसून गायले. करार झाला तो त्या बैठकीमुळे. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते, कारण या बँडचं बलस्थान काय ते तिथेच उघड झालं. सहा गळे, लाकडी वाद्यं आणि छोटी खोली.

पहिला अल्बम जॉन्सने लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत केला. ईगल्सचा पहिला अल्बमही त्याने तिथेच केला होता. मुखपृष्ठावर गोधडी आहे, म्हणून चाहते त्याला गोधडीवाला अल्बमच म्हणतात. त्यातलं कॅश आणि डिलनचं 'इफ यू वॉना गेट टू हेवन' १९७४ मध्ये बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २५ व्या क्रमांकापर्यंत गेलं. माउथ ऑर्गनची ती सुरुवातीची फेक ऐकलीत की माणूस जागचा उठतो.

दुसऱ्या अल्बमला जॉन्स आणि अँडरल स्वतः मिसूरीत आले. बोलिव्हर गावाजवळ बँडने तालमीसाठी एक जुनं फार्महाउस भाड्याने घेतलं होतं. ध्वनिमुद्रणाचा ट्रक अंगणात उभा केला, तारा खिडकीतून आत घेतल्या आणि वाजवायला बसले. या मुक्कामात दोन ध्वनिमुद्रणांच्या मध्ये लॅरी ली पियानोवर आपलं एक गाणं छेडत होता. जॉन्सने ते ऐकलं आणि सांगितलं की हे चालणार. फक्त त्या वेळी ते गाणं एका पुरुषाबद्दल होतं. जॉन्सच्या आग्रहावरून ली आणि कॅशने शब्द फिरवले, त्यातला जॅकी पोरगी झाला आणि १९७५ च्या मे महिन्यात 'जॅकी ब्लू' देशात तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं.

इथून पेच सुरू झाला. कंपनीला आणखी 'जॅकी ब्लू' हवी होती आणि बँडने बिऱ्हाड दक्षिण कॅलिफोर्नियात, म्हणजे लॉस एंजेलिसकडे, हलवावं अशी इच्छा होती. सगळी मोठी माणसं, वितरक, रेडिओवाले तिथेच. बँडने दोन्हीला नकार दिला. बायकापोरं इथे, जमीन इथे, नद्या इथे. 'जॅकी ब्लू'सारखं पुन्हा काही लिहा म्हटलं तर ते या लोकांना जमणारंही नव्हतं, कारण ते गाणं मुळात बँडच्या स्वभावापासून सर्वांत लांब होतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. हा नकार बरोबर होता. त्याची किंमत त्यांनी मोजली, पुढचं एकही गाणं त्या उंचीवर गेलं नाही. पण या गाण्यांत जो ओलावा आहे तो त्या अंगणातल्या ट्रकमुळे आणि त्या गावात राहिल्यामुळे आहे. तुमचं मत वेगळं असेल तर नक्की मांडा.

पेटीवाला

उत्तम लेख. 'जॅकी ब्लू' हे जुन्या अमेरिकन गाण्यांच्या प्रत्येक संकलनात असतं. लॅरी लीचा आवाज इतका वर आणि हलका आहे की पहिल्यांदा ऐकणारे बरेच जण गायिका समजतात. त्याखालचा ताल बघा, त्यात कंट्री नावालाही नाही. शहरी, गुळगुळीत, रात्री गाडी चालवताना लावावं असं.

म्हणूनच मला वाटतं की या गाण्याने बँडचं नुकसान केलं. ते ऐकून पहिला अल्बम विकत घेणाऱ्याच्या हातात येतं 'चिकन ट्रेन'. त्यात ना पियानो, ना गोड सुरावट. तो ग्राहक परत फिरकत नाही. आणि ज्याला 'चिकन ट्रेन' आवडलं असतं तो 'जॅकी ब्लू' ऐकून यांच्या वाटेलाच जात नाही. तसं पाहिलं तर 'स्मॅशिंग पम्पकिन्स'सारख्या नव्वदच्या दशकातल्या बँडनेही 'जॅकी ब्लू'च गायला घेतलं, दुसरं काही नाही.

एक विचारायचं होतं, 'चिकन ट्रेन'मध्ये ते टँव टँव वाजतं ते काय आहे? मोरचंग वाटतं पण तसं नाही.

रानवारा

पेटीवाला, कान तयार आहे तुमचा. ते माउथबो आहे, डिलन वाजवतो. लाकडी काठी धनुष्यासारखी वाकवून तिला एकच तार ताणतात. काठीचं एक टोक ओठांपाशी किंवा गालाला टेकवायचं आणि तार बोटाने किंवा नखीने छेडायची. तार एकच सूर देते. पण तोंडाची पोकळी लहानमोठी केली, जीभ पुढे-मागे केली की त्या सुरातले वरचे स्वयंभू स्वर एकेक करून उमटतात. तत्त्व मोरचंगाचंच, म्हणून तुम्हाला तसं वाटलं. फरक असा की इथे लाकूड थरथरतं, त्यामुळे आवाज जास्त भरड येतो.

ओझार्कमध्ये हे वाद्य जुनं आहे. आर्कान्सासच्या माउंटन व्ह्यू भागातले जिमी ड्रिफ्टवुड यांनी ते मंचावर आणून लोकप्रिय केलं. ते स्वतः शाळेत शिकवायचे आणि जुन्या चालींवर गाणी रचायचे. डेअरडेव्हिल्सनी तेच वाद्य रॉकच्या ड्रम्सशेजारी ठेवलं, वर कॅशचा माउथ ऑर्गन आगगाडीसारखा धापा टाकतो. लॉस एंजेलिसच्या एकाही कंट्री रॉक बँडच्या डोक्यात त्या काळी हे आलं नसतं, कारण तिथे हे वाद्य कुणाच्या घरात टांगलेलंच नव्हतं.

खर्जातला_सा

धाग्यासाठी आभार. मी पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करतो, म्हणून ग्लिन जॉन्सबद्दल थोडं.

आमच्या धंद्यात 'ग्लिन जॉन्स पद्धत' हा शब्द रोजच्या वापरातला आहे. ड्रम्सना आज आम्ही आठ-दहा माइक सहज लावतो. जॉन्स तीन-चारांत भागवायचा. एक स्नेअरच्या (वादकाच्या पुढ्यातला कडक आवाजाचा ड्रम) बरोबर वर, दुसरा वादकाच्या उजव्या हाताला फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभा मोठा ड्रम) पलीकडून स्नेअरकडे रोखलेला. दोन्ही माइक स्नेअरपासून अगदी सारख्या अंतरावर, लोक दोरीने मोजतात. अंतर सारखं असलं की स्नेअरचा आवाज दोन्हीकडे एकाच क्षणी पोहोचतो आणि पोकळ होत नाही. मग एक माइक किक ड्रमपुढे, म्हणजे पायाने वाजतो त्या ड्रमपुढे. झालं. ड्रम्स वेगवेगळ्या तुकड्यांत न ऐकू येता एका खोलीत वाजणारं एक वाद्य म्हणून ऐकू येतात.

या पद्धतीची अट एकच, वादकाने स्वतःचा तोल स्वतः सांभाळला पाहिजे. झांज जोरात मारली तर नंतर ती कमी करता येत नाही. लॅरी ली हा गाणारा ड्रमर आहे, त्यामुळे तो शब्दाला जागा सोडतो. आता 'इट्ल शाइन व्हेन इट शाइन्स' हे दुसऱ्या अल्बमचं शीर्षकगीत हेडफोनवर ऐका. खोली किती लहान आहे, भिंती लाकडी आहेत, माणसं एकमेकांच्या किती जवळ उभी आहेत हे सगळं कळतं. आमच्याकडे असा परिणाम आणायला लोक महागडी सॉफ्टवेअर विकत घेतात.

घाटावरचा

लेख आवडला, पण 'नकार बरोबर होता' याला माझा विरोध आहे.

एकतर ईगल्स तरी कुठे लॉस एंजेलिसचे? ग्लेन फ्राय डेट्रॉइटचा, डॉन हेन्ली टेक्सासमधल्या लिंडन नावाच्या लहानशा गावचा. दोघं आपापलं गाव सोडून तिथे गेले, तिथे एकमेकांना भेटले आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. गाव सोडल्याने हेन्लीच्या आवाजातलं टेक्सास पुसलं गेलं का? नाही. म्हणजे कला गावाला बांधलेली असते हे म्हणणं मला पटत नाही.

दुसरं, कंपनीने पैसा लावला होता. लंडनचा स्टुडिओ, जॉन्ससारखा निर्माता, अंगणात ट्रक. त्यांनी दौरे करा, जवळ या, असं म्हटलं तर त्यात गैर काय? आपणही नोकरीसाठी साताऱ्याहून पुण्याला आणि पुण्याहून बेंटनव्हिलला गेलोच ना, रानवारा? मग या लोकांच्या घरी राहण्याचं एवढं कौतुक का?

ओहायोची_माय

घाटावरचा यांच्या मुद्द्याला जोडून आमच्याकडच्या एका बँडची गोष्ट सांगते. मी ओहायोत राहते. दक्षिण ओहायोतल्या वेव्हर्ली गावचा प्युअर प्रेअरी लीग हाही याच काळातला, याच जातकुळीचा बँड. त्यांच्या मुखपृष्ठांवर नॉर्मन रॉकवेलच्या चित्रातला दमलेला काउबॉय असायचा. १९७२ मध्ये 'बस्टिन आउट' अल्बम आला आणि विकला गेला नाही. क्रेग फुलर हा त्यांचा मुख्य गायक-गीतकार व्हिएतनाम काळातल्या सक्तीच्या लष्करभरतीच्या खटल्यात अडकला आणि त्याला बँड सोडावा लागला. पुढे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला माफी दिली. कंपनीनेही बँडचा नाद सोडला.

पण बाकीचे गावोगावच्या कॉलेजांत वाजवत राहिले. फुलरचं 'एमी' हे गाणं कॉलेजच्या रेडिओवर मुलं सारखी मागायला लागली. मागणी इतकी झाली की कंपनीने त्यांना परत बोलावलं आणि १९७५ मध्ये ते गाणं नव्याने काढलं. ते २७ व्या क्रमांकापर्यंत गेलं, तेही लिहिणारा बँडमध्ये नसताना. नंतर १९७९ साली याच बँडमध्ये विन्स गिल नावाचा पोरगा गायक म्हणून आला, जो पुढे कंट्रीमधला फार मोठा माणूस झाला.

तेव्हा लॉस एंजेलिसला गेलं की होतं आणि न गेलं की जातं, असा सरळ हिशोब नाही. मधल्या प्रदेशात कॉलेजं होती, छोटी रेडिओ केंद्रं होती, चारशे-पाचशे माणसं मावतील अशी थिएटरं होती. असे बँड या सगळ्यांवर जगत होते.

नदीकाठ

रानवारा, माझं एमएस स्प्रिंगफील्डलाच झालं, त्यामुळे धागा बघून उडीच मारली.

गावातल्या त्या थिएटरांबद्दल ओहायोची_माय यांनी लिहिलं ते अगदी खरं. डेअरडेव्हिल्सच्या सुरुवातीच्या काळात स्प्रिंगफील्डला न्यू बिजू थिएटर होतं. ते चालवणारा स्टीव्ह कॅनडे पुढे स्वतःच या बँडमध्ये ड्रमर म्हणून आला. लॅरी लीची जागा त्याने सांभाळली. १९९९ मध्ये नॅशव्हिलला एका विमान अपघातात तो गेला. गावातली जुनी माणसं त्याचं नाव बँडच्या मूळ सहा जणांच्या बरोबरीने घेतात.

माझ्या घरमालकीणबाई गोधड्या शिवायच्या. त्यांच्याकडे पहिल्या अल्बमची एलपी होती, कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या, आतल्या तबकडीमुळे मुखपृष्ठावर गोल वळ उमटलेला. एकदा मी ती हातात घेऊन बघत होते तर त्या शेजारी येऊन बसल्या आणि चित्रातल्या गोधडीचा एकेक तुकडा बोटाने दाखवत सुटल्या, हा कपडा शर्टाचा असेल, हा पडद्याचा, ही टीप बघ कशी तिरकी घेतलीय. गाण्याबद्दल एक शब्द नाही. मग म्हणाल्या, लाव आता. आणि 'ब्यूटी इन द रिव्हर' लागल्यावर स्वयंपाकघरातून बरोबर दुसऱ्या गळ्याने, खालच्या पट्टीत गायला लागल्या. पूर्ण पाठ होतं.

घाटावरचा दादा, यासाठी तरी ते घरी राहिले ते बरं झालं असं मला मनापासून वाटतं. त्या गावात ही गाणी रेकॉर्ड म्हणून नाहीत, सगळ्यांना येणारी म्हणून आहेत.

रानवारा

नदीकाठ, किती सुंदर लिहिलंत.

घाटावरचा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही. हेन्लीबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. पण हेन्ली ज्या बँडबरोबर तिथे गेला तो बँड तिथे टिकला नाही, ईगल्समध्ये आला तो एकटा हेन्ली. एकटा माणूस गाव आतमध्ये घेऊन जाऊ शकतो. इथे सहा जणांचा कुटुंबकबिला होता आणि त्यांचं गाणं एकत्र राहण्यातून यायचं. ते उचलून दुसरीकडे लावणं म्हणजे नोकरीसाठी शहर बदलण्यासारखं नाही.

मात्र घरी राहिल्याने बँड अखंड राहिला असंही कुणी समजू नये. तसं झालं नाही. १९७५ चा 'द कार ओव्हर द लेक अल्बम' त्यांनी नॅशव्हिलला केला. त्यात गाणी चांगली आहेत, पण जॉन्स नव्हता. १९७६ मध्ये चाउनिंगने बँड सोडला आणि स्वतःचा बँड काढला. ब्रेफील्डला वैद्यकीय शिक्षण घ्यायचं होतं, तोही बाहेर पडला आणि खरोखर डॉक्टर झाला. तीन वर्षांपूर्वी ज्या सहा जणांनी मेणबत्तीच्या उजेडात करार मिळवला, त्यांतले दोघे गेले. दौऱ्यांचा शीण, पैशाची ओढाताण, घरची जबाबदारी, हे सगळं होतंच.

चाउनिंगच्या जागी कोण आलं असेल? नॉर्वेतल्या बर्गनचा रूना वाले. 'फ्लाइंग नॉर्वेजियन्स' नावाचा तिकडचा कंट्री रॉक बँड होता, त्याचा हा गिटारवादक. म्हणजे ओझार्कचे लोक लॉस एंजेलिसला गेले नाहीत, पण नॉर्वेचा माणूस बँजो आणि गिटार घेऊन ओझार्कला आला आणि त्यांच्यात मिसळला. मला ही घडामोड फार आवडते. १९७८ च्या 'इट्स अलाइव्ह' या दोन तबकड्यांच्या अल्बममध्ये हा पुढचा संच प्रत्यक्ष मैफलीत ऐकता येतो. त्यानंतर ए अँड एमशी संबंध संपला, १९८० मध्ये कोलंबिया या दुसऱ्या कंपनीसाठी एक अल्बम झाला, तो फार चालला नाही. लॅरी लीनेही १९८२ मध्ये स्वतःचा अल्बम काढला.

तरी बँड मेला नाही, हे घरी राहण्याचं फळ. मोठी कंपनी नसतानाही आसपासच्या चार राज्यांत त्यांना ऐकायला येणारी माणसं होती. सूप ग्रांडाने बँडचा सगळा इतिहास पुस्तकरूपाने लिहून ठेवला. कॅशने तर उत्तरायुष्यात कादंबरीत्रयी लिहिली. २०१९ मध्ये तो गेला. त्यानंतरही डिलन आणि ग्रांडा नव्या सोबत्यांना घेऊन मंचावर उभे राहिले.

घाटावरचा

नॉर्वेच्या वालेची माहिती नवीन आहे, धन्यवाद. माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. १९७५ ला तिसऱ्या क्रमांकावर असताना एक-दोन वर्षं तिकडे काढली असती तर ब्रेफील्डला शिकायला आणि चाउनिंगला स्वतंत्र व्हायला कदाचित जास्त चांगल्या परिस्थितीत जाता आलं असतं. कलावंताच्या गरिबीचं आपण फार लवकर कौतुक करतो. आपल्याकडे तमाशाच्या फडांचं असंच झालं, मातीतली कला म्हणून टाळ्या वाजवणारे खूप, पण कलावंतांच्या म्हातारपणाकडे कुणी पाहिलं नाही.

बाकी रात्री 'इट्ल शाइन व्हेन इट शाइन्स' तीनदा ऐकलं. गाणं म्हणून काही बोलायलाच नको.

पेटीवाला

घाटावरचा, फडांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

रानवारा, नवख्याने सुरुवात कुठून करावी?

रानवारा

गोधडीवाला अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, क्रम न बदलता. मध्ये गाणी गाळू नका. चाउनिंगचं 'कंट्री गर्ल' आणि कॅशचं 'ब्लॅक स्काय' पाठोपाठ मनात ठेवून बघा, एकच बँड किती टोकांना जातो ते कळेल. मग दुसरा अल्बम. 'जॅकी ब्लू' त्यातच येतं आणि तिथे त्याच्या शेजाऱ्यांमध्ये ऐकलं की ते परकं वाटत नाही. त्यानंतर थेट 'इट्स अलाइव्ह'. मधले अल्बम नंतर सवडीने. १९७६ चा 'मेन फ्रॉम अर्थ' मला आवडतो, पण पहिल्या दोनमध्ये जे आहे ते त्यात अधूनमधून आहे.

तळ्यातमळ्यात

मीही बेंटनव्हिलचाच. इतकी वर्षं इथे राहून हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं. दोन दिवस गाडीत हेच चालू आहे आणि मुलीने 'इफ यू वॉना गेट टू हेवन' पकडून ठेवलंय. यंदा आपल्या गणपतीच्या सांस्कृतिक कार्यक्रमात हे गाणं बसवावं असं डोक्यात आहे. दोन गिटारवाले आहेत, ढोलकी आहे, कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) आहे. अडचण माउथ ऑर्गनची. माझ्याकडे लहानपणीचा, दोन ओळी भोकांचा आहे, हिंदी गाणी वाजवायचो तो. त्यावर ती लचक काही केल्या येत नाही. कुणी सांगू शकेल का?

खर्जातला_सा

तळ्यातमळ्यात, त्यावर येणारच नाही. तुमच्याकडचा बहुधा ट्रेमोलो असणार. त्यात दर सुराला धातूच्या दोन पातळ पात्या (रीड) किंचित फरकाने लावलेल्या असतात, म्हणून आवाज थरथरतो, पण सूर खाली ओढता येत नाही. तुम्हाला दहा भोकांचा, एका ओळीचा डायटॉनिक हवा.

आता मुख्य गोष्ट. गाणं ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीचा बाजा घेऊ नका. गाण्याचा सा धरा आणि त्याच्या शुद्ध मध्यमाच्या पट्टीचा बाजा घ्या. म्हणजे मुलगी 'जी' (G) पट्टीत गाणार असेल तर बाजा 'सी'चा (C), 'ई' (E) असेल तर 'ए'चा (A). मग तुमचा सा श्वास आत ओढताना येतो, दुसऱ्या भोकात. खालच्या भोकांत आत ओढलेल्या सुरालाच जिभेने खाली दाबता येतं, ती लचक तिथून येते. कॅशसारख्या वादकांचा सगळा खेळ आत ओढण्याचा आहे, फुंकण्याचा कमी.

सरावाला आधी चौथं भोक घ्या, ओढत असताना 'ई' म्हणतोय तसं तोंड ठेवून हळूच 'ऊ' कडे न्या. सूर खाली घसरला की समजा जमलं. दुसरं-तिसरं भोक त्यानंतर, ती अवघड असतात. पट्टी मुलीच्या गळ्यावरून आधी ठरवा आणि मग बाजा मागवा, प्रत्येक पट्टीचा वेगळा मिळतो. पट्टी ठरली की इथे लिहा, ढोलकीचा ठेका कसा बसेल तेही बघू.

तळ्यातमळ्यात

आभारी आहे. शनिवारी सगळे घरी जमतोय, पट्टी ठरवून लगेच कळवतो. रानवारा, तुम्हीही या, दुसऱ्या गळ्याला माणूस हवाच आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

रानवारा

येतो. माउथबोची एक काठी माझ्याकडे करून ठेवलेली आहे, ती पण आणतो.